शंभर शब्दांचा उतारा

उतारा बरोबर शंभर शब्दांचा असावा, ही अट माझी होती. बायकोने लिहिलेली गोष्ट चौऱ्याण्णव शब्दांत संपली होती. ती म्हणाली, "संपली ती संपली. आता तिला शेपूट कसाला लावायची?" मी म्हटलं, "शंभर शब्द असले की चुका थेट टक्क्यात येतात. भागाकार करावा लागत नाही." तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पेन उचललं आणि गोष्टीच्या शेवटी एक कावळा आणून ठेवला. 'नावेच्या टोकावर एक कावळा येऊन बसला.' गोष्ट तमिळमध्ये होती, पण हे वाक्य मराठीतही सहाच शब्दांचं होतं. शंभर भरले.

बायको तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचे आजोबा चेन्नईत आले, तेव्हापासून ही माणसं इथलीच. तिचं मराठी जुनं आहे, मध्येच तमिळ शब्द येतात, आणि 'कशाला'ला ती 'कसाला' म्हणते. इथे मी ते बरंचसं माझ्या मराठीत लिहितो आहे, कारण तिच्यासारखं मला लिहिता येत नाही. अड्यारच्या एका अनुदानित शाळेत ती सहावीला तमिळ शिकवते. मी इचलकरंजीचा. सत्ताविसाव्या वर्षी इथे आलो आणि श्रीपेरुंबुदूरजवळच्या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात पंचवीस वर्षं गेज रूममध्ये काढली. गेज रूम म्हणजे जिथे मोजायची साधनं मोजली जातात ती खोली. पहाटे पावणेसहाची कंपनीची बस, संध्याकाळी पाचला परत. पुढे कॅमेऱ्याने मोजणारी यंत्रं आली आणि आमच्या खोलीतल्या सात जणांना लवकर निवृत्ती देण्यात आली. त्या सातांत मी होतो.

घरी बसून चार महिने झाले तेव्हा मी घरातल्या तीन घड्याळांमधला फरक रोज सकाळी वहीत लिहायला लागलो होतो. बायकोने ती वही बघितली. म्हणाली, "अहो, शाळेत या. तिथे वाचता न येणारी मुलं आहेत. त्यांच्याजवळ बसायला माणूस नाही."

"मला कुठे तमिळ वाचता येतं?"

"हळू वाचता. पण चुकत नाही. तेवढं पुरे."

ते खरं होतं. मी बसच्या पाट्यांवरून आणि दुकानांच्या फलकांवरून तमिळ अक्षरं शिकलो. आजही बोट ठेवून वाचतो.

शाळेने प्रयोगशाळेच्या बाजूची खोली दिली. जुनी बाकं, एक कोरडं बेसिन, खाडीच्या बाजूला एक खिडकी. सोमवार ते शुक्रवार, दुपारचा सहावा तास. सहावी ते आठवीतली, वाचनात सगळ्यांत मागे असलेली अकरा मुलं तिथे यायची, कारण बाकांवर अकराच बसत होती. बाहेर यादीत आणखी नावं होती. बायकोला तो तास मोकळा असे. ती शिकवायची: अक्षरं, जोडणी, चित्रांखालच्या ओळी, मोठ्याने वाचणं, परत वाचणं. मी एकेकाजवळ बसून ऐकायचो. बाकीची शाळा त्या खोलीला आस्पत्री म्हणायची, म्हणजे दवाखाना. खोलीतून बाहेर पडणं म्हणजे डिस्चार्ज. पहिल्याच आठवड्यात माझं बोट ठेवून वाचणं बघून सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सार, तुम्ही आमच्यापेक्षा हळू वाचता. तुम्हीच ॲडमिट व्हा." सगळी हसली. मीही हसलो.

मोजणी माझ्याकडे होती. प्रत्येक शुक्रवारी प्रत्येक मुलाने तोच शंभर शब्दांचा उतारा शेवटपर्यंत वाचायचा. पहिल्या मिनिटात किती शब्द झाले आणि किती चुकले, ते मी लिहायचो. साठ शब्द आणि पाचापेक्षा कमी चुका, सलग तीन शुक्रवार, की त्या मुलाला डिस्चार्ज आणि यादीतल्या पुढच्याला जागा. हा नियम मी, बायकोने आणि मुख्याध्यापिकाबाईंनी मिळून ठरवला. उतारा मात्र तोच ठेवायचा, हे मी एकट्याने ठरवलं.

बायकोचं यावर पहिल्यापासून वेगळं म्हणणं होतं. "दर शुक्रवारी नवा देते. मला लिहायला कितीसा वेळ लागतो?"

"मग मोजणार कशाने? आज सोपा उतारा, उद्या अवघड. आकडा वाढला तर मूल सुधारलं की उतारा सोपा होता, हे कसं कळणार?"

"मूल वाचताना कळतं."

"तुला कळतं. कागदावर येत नाही."

"कागद कोण शिकतंय?"

मी तिला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. गेज रूममध्ये पोलादाचे ठोकळे असतात, ज्यांचं माप पक्कं ठाऊक असतं. त्यांना हात लावायचा नाही, बदलायचे नाहीत. वर्षानुवर्षं त्याच ठोकळ्यावर सगळी साधनं तपासायची. ठोकळा बदलला तर आधीचे सगळे आकडे निरुपयोगी होतात. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ठोकळ्याला कान नसतात." मला ते वाक्य तेव्हा चटपटीत वाटलं, आणि चटपटीत बोलण्याचा मला कंटाळा आहे, म्हणून मी विषय सोडला.

अकरांत एक आठवीतली मुलगी होती. उंच, हाडकुळी, वेणीला कायम दोन रंगांच्या फिती. तिची आई अड्यारच्या तीन इमारतींत घरकाम करायची. मुलीचं अक्षर शाळेत सगळ्यांत सुरेख होतं. फळ्यावरचं सगळं ती जसंच्या तसं उतरवायची, आणि वर्गात बावन्न मुलं असल्यामुळे ती वही बघून कोणाला शंका आली नव्हती. तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर द्यायची. तिला वाचता येत नाही हे सातवीच्या शेवटी लक्षात आलं होतं, तेही एकदा तिला वेळापत्रक बदलल्याची सूचना वर्गात वाचायला सांगितली म्हणून.

पहिल्या शुक्रवारी तिचे चौदा शब्द झाले, सहा चुका. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "सार, किती झाले की सोडतात?"

"साठ."

"साठ झाले की परत नाही ना बोलावत?"

"परत कशाला बोलावू?"

तिने मान हलवली. दुसऱ्या शुक्रवारपासून ती म्हणायला लागली, "सार, मी शेवटी." मला वाटलं, लाजते. बाकीची मुलं आधी आटोपायला बघायची, तेव्हा शेवटची जागा कोणालाच नको होती. मी तिला ती देऊन टाकली.

माझी पद्धत अशी होती: मुलाच्या हातात एक प्रत, माझ्या हातात एक. डाव्या हातात स्टॉपवॉच, उजव्या हातात पेन्सिल. मूल वाचायचं, मी माझ्या प्रतीवर पेन्सिल शब्दाशब्दावरून नेत राहायचो आणि चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायचो. माझं स्वतःचं वाचन हळू असल्यामुळे मला कागदावरची नजर काढता येत नसे. काढली की जागा चुकायची. अठरा शुक्रवार मी त्या अकरा मुलांसमोर बसलो, आणि मोजणी चालू असताना त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

तिचे आकडे वाढत गेले. एकोणीस, सत्तावीस, तेहेतीस, बेचाळीस. ऑक्टोबरात त्रेपन्न. मी घरी आलेखाच्या कागदावर रेघ काढत होतो, आणि ती रेघ अकरांत सगळ्यांत सरळ होती. कारखान्यात अशी रेघ दिसली असती तर मी आधी साधन तपासलं असतं, माल नंतर. इतकं सुरळीत काही वाढत नाही. पण हे मूल होतं आणि मला आनंद झाला होता. नोव्हेंबरात साठ ओलांडले. शेवटच्या शुक्रवारी एकाहत्तर, चुका तीन. मी कागदावर सही केली. तिने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. दारात तिच्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. त्या ओरडल्या, "डिस्चार्ज! डिस्चार्ज!" आणि ती पळत गेली.

त्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली, "काल मी तिला चित्राखालची ओळ वाच म्हटलं. तिने चित्र बघून सांगितलं."

"बरोबर सांगितलं का?"

"बरोबर. पण ओळ ती नव्हती."

"तीन शुक्रवार साठच्या वर आहे. नियम तुझ्यासमोर झालाय."

यादीतल्या पुढच्या मुलीला सोमवारपासून जागा मिळाली. त्या वर्षी सहा मुलं बाहेर पडली. मुख्याध्यापिकाबाईंनी सहाही आलेख कार्यालयाच्या भिंतीवर लावले. जे कोणी तपासणीला येत त्यांना बाई ते दाखवत.

आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवत नाहीत. जूनमध्ये ती नववीत गेली.

सप्टेंबरात तिमाही परीक्षा झाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मधल्या सुट्टीत शिपाईबाई खोलीत आली. "सार, एचएम बोलावतायत. फाइल घेऊन या म्हणाल्या."

कार्यालयात मुख्याध्यापिकाबाई होत्या, नववीचे वर्गशिक्षक होते, ती मुलगी होती आणि तिची आई. आई कामावरून तशीच आली होती. साडीचा पदर अजून कमरेला खोचलेला होता. तिला खुर्ची दिली होती, पण ती बसली नव्हती.

वर्गशिक्षकांनी टेबलावर पाच उत्तरपत्रिका पसरल्या. "बघा सार. पाच विषय. पाचांतही हेच."

मी बघितलं. तिने उत्तरं लिहिली नव्हती. प्रश्नपत्रिका उतरवून काढली होती. प्रश्नाचे क्रमांक, समासातले गुण, मधल्या रेघा, सगळं. अक्षर छापल्यासारखं.

"मला चिडवते ही," वर्गशिक्षक म्हणाले. "चाळीस मुलांत माझं हसं केलं. मी विचारलं, उत्तरं कुठायत? तर गप्प. वाचता येत नाही म्हणते आता. आत्ता! नववीत आल्यावर!"

मुलगी जमिनीकडे बघत होती.

बाईंनी माझ्या हातातली फाइल घेतली, तिचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "सार, ही सही तुमची?"

"हो."

"मिनिटाला एकाहत्तर शब्द?"

"हो. चुका तीन."

"वाचता येत नसलेल्या मुलीचे एकाहत्तर होतात का?"

"नाही होत," मी म्हटलं.

बाईंनी भिंतीवरचा आलेख आईला दाखवला. आईला वाचता येत नव्हतं. ती जवळ गेली, त्या रेघेखाली तिने बोट धरलं. "ही वर जाते. वर जाते म्हणजे चांगलं?"

"चांगलं," बाई म्हणाल्या.

"मग हिला येतं."

"येतं. करायचं नाहीये."

आई वळली आणि तिने मुलीच्या तोंडात मारली. एकदा, मग परत एकदा. बाई "अम्मा, पुरे, इथे नको" म्हणत उठल्या. मुलीने हात वर केला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी फाइलचा बंद बांधत होतो. मला जेवढं विचारलं होतं तेवढ्याचं मी खरं उत्तर दिलं होतं. तिला काही विचारावं, टेबलावर पडलेल्या प्रश्नपत्रिकेतली एक ओळ तिच्यापुढे धरावी, हे त्या खोलीतल्या चार मोठ्या माणसांपैकी कोणालाही सुचलं नाही. ज्याला ते सुचायला हवं होतं असा माणूस मी होतो. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेली मापं पुन्हा घेऊन बघत होतो.

ते शुक्रवारी झालं. रविवारी सकाळी मी मागच्या वर्षीच्या सगळ्या प्रती काढल्या. अकरा मुलं, अठरा शुक्रवार. मधल्या गैरहजेऱ्या धरून एकशे एक्क्याण्णव कागद होते. इतके दिवस मी प्रत्येक मुलाचे कागद एकामागे एक लावून बघितले होते, कारण आलेख तसा काढतात. त्या दिवशी मी ते शुक्रवारप्रमाणे लावले, वाचण्याच्या क्रमाने.

तिच्या आधी बहुतेक वेळा सातवीतली ती थट्टेखोर मुलगी वाचायची. नवव्या शुक्रवारी त्या मुलीने 'भरती' या शब्दाच्या जागी दुसराच शब्द म्हटला होता आणि 'दोरखंड' गाळला होता. पुढच्या कागदावर, हिच्या, त्याच दोन शब्दांखाली माझ्या रेघा होत्या. दहाव्या शुक्रवारी आधीच्या मुलीने 'भरती' बरोबर म्हटलं. हिनेही. अकराव्याला आधीची एक अख्खी ओळ सोडून गेली होती. हिनेही तीच ओळ सोडली. मी एकेक जोडी करून टेबलावर मांडत गेलो. बायको इडलीचं पीठ वाटायला घालून आली, उभी राहून बघत राहिली. तिला सांगावं लागलं नाही.

दर शुक्रवारी ती बाकाच्या टोकाला बसून दहा जणांचं वाचन ऐकत होती. अठरा शुक्रवारांत तिने तो उतारा पावणेदोनशे वेळा ऐकला असेल. हातात कागद धरून ती तो म्हणून दाखवत होती, आणि चूकसुद्धा तिची स्वतःची नव्हती. सगळं माझ्याच पेन्सिलीने लिहिलेलं होतं, माझ्याच फाइलीत, अकरा महिने.

"तुम्ही मागे म्हणालात, ठोकळा बदलायचा नाही," बायको म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सोमवारी मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो आणि कागद दाखवले. त्यांनी तीन जोड्या बघितल्या आणि चष्मा काढला. "सार, हे आलेख मी किती लोकांना दाखवलेत."

"काढून टाका. सहाही. मी पुन्हा तपासतो."

"आणि नाही आलं वाचता, तर?"

"तर नाही आलं असं लिहू."

कारखान्यात गेज चुकीचं निघालं की त्या गेजने पास केलेला सगळा माल परत मागवतात. बाहेर पडलेल्या उरलेल्या पाच मुलांना मी त्या आठवड्यात एकेक करून बोलावलं. बायकोने पाच नवे उतारे लिहिले होते, कोणाचे ब्याऐंशी शब्द, कोणाचे एकशे सात. मी मोजले, पण शंभर पुरे कर म्हटलं नाही. स्टॉपवॉच घरी ठेवलं होतं. चौघांना वाचता आलं, अडखळत, पण आलं. पाचांतली उरलेली एक म्हणजे मागच्या वर्षी सातवीत असलेली ती थट्टेखोर मुलगी, आता आठवीतली. ती दुसऱ्या ओळीला थांबली आणि म्हणाली, "सार, नावेचा द्या ना. तो मला येतो." तिला खोलीत परत घेतलं. बाकं अकरांची होती, बारावी मुलगी खिडकीत बसते.

सहांतली उरलेली, नववीत गेलेली ती उंच मुलगी, आली नव्हती. आठवडाभर हजेरीत तिच्या नावापुढे रेघ होती. शनिवारी बायको आणि मी तिच्या घरी गेलो. आई दारात भांडी घासत होती. तिने आम्हाला आत बोलावलं नाही आणि आम्हीही आत जाऊ असं म्हटलं नाही. बायकोने तिला सगळं समजावून सांगितलं: कागद चुकीचा होता, मुलगी खरं बोलत होती, बाई तिला जूनमध्ये पुन्हा नववीत बसवायला तयार आहेत, तोपर्यंत रोज खोलीत शिकवू.

आईने हातातली राख धुतली. "मी कागदावरून मारलं तिला. खोटारडी म्हटलं. आता तुम्ही म्हणता कागद खोटा."

"हो," मी म्हटलं. "कागद माझा होता."

"सार, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला कागद परत घेता येतो." तिने कढई उलटी ठेवली. "तिला माझ्या बहिणीकडे पाठवली. गुम्मिडिपूंडीला. बहीण कंपनीत जाते, तिचं लेकरू सात महिन्यांचं आहे. बघायला कोणी नाही."

"शाळा?"

"ती नको म्हणते. मी दोन दिवस विचारलं. परत तिथे उभी राहणार नाही म्हणते."

बायकोने पत्ता मागितला. आईने तो तोंडीच सांगितला, कारण लिहून देणं तिला शक्य नव्हतं. मी लिहून घेतला आणि तिला वाचून दाखवला.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. कारखान्यांच्या वसाहतीच्या मागे एका ओळीत पत्र्याच्या खोल्या होत्या. मावशी पहिल्या पाळीला गेली होती. मुलगी उंबऱ्यात बसली होती, मांडीवर लेकरू झोपलेलं. तिच्या वेणीला आता एकच फीत होती. आम्हाला बघून ती उठायला लागली. बायको म्हणाली, "बस, बस, उठेल ते." आणि स्वतः तिच्या शेजारी जमिनीवर बसली. मी पायरीवर बसलो.

मी प्रवासात ठरवलं होतं तेवढं बोललो. म्हटलं, "तुला वाचता येत नव्हतं आणि मी येतं असं लिहिलं. त्या दिवशी ऑफिसातही तेच म्हटलं. चूक माझी होती. ते मी शाळेत लिहून दिलंय."

ती लेकराच्या अंगावरचं फडकं सारखं करत राहिली.

बायकोने पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं, मोठ्या अक्षरांचं. पहिलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. "बघ बरं." मुलीने बघितलं. पहिला शब्द लावला, दुसरा लावला. तिसऱ्यावर थांबली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग चौथा शब्द तिने अंदाजाने सांगितला आणि तो चुकला. घड्याळ नव्हतं, तरी माझ्या डोक्यात मोजणी चालू होती. मी ती थांबवू शकलो नाही. एका मिनिटाला तीन, त्यांतला एक चुकलेला.

"मिस, नकोच," ती म्हणाली. "नावेचा म्हणू?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

तिने तो म्हटला. भिंतीकडे बघत, हलक्या आवाजात, लेकरू उठू नये म्हणून. खाडी ओसरते, नाव चिखलात बसते, म्हातारा नावाडी दोरखंड गुंडाळून भरतीची वाट बघतो. पलीकडच्या काठावर त्याची मुलगी डबा घेऊन उभी आहे. पाणी येत नाही. डबा गार होतो. मी तो उतारा इतक्या वेळा मोजला होता, पण त्यात काय आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. ती एकही शब्द चुकली नाही. आधी वाचणारं कोणी नव्हतं.

शेवटच्या वाक्यानंतर ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "सार, एक विचारू? तो कावळा कसाला येतो?"

कसाला हे मी लिहितो आहे. तिने तमिळमध्ये विचारलं होतं. पण माझ्या कानाला ते बायकोच्या आवाजातच ऐकू आलं.

"म्हणजे?"

"तो येतो आणि बसतो. बाकी सगळे काहीतरी करतात. म्हातारा वाट बघतो, त्याची मुलगी उभी राहते, पाणी येत नाही. कावळा काहीच करत नाही. मला वाटायचं, पुढच्या पानावर करेल. डबा पळवेल, नाहीतर म्हाताऱ्याला काही सांगेल. दर शुक्रवारी वाटायचं. तुम्ही पुढचं पान दिलंच नाही."

अकरांपैकी कोणीही हे विचारलं नव्हतं. आम्हीही त्यांना गोष्टीबद्दल शुक्रवारी कधी काही विचारलं नव्हतं. त्या मिनिटाला आकड्यांशिवाय कशालाच जागा नव्हती.

मी तिला खरं सांगितलं. "पुढचं पान नव्हतं. शंभर शब्द हवे होते. सहा कमी पडत होते."

तिने जरा विचार केला. "मोजायला?"

"मोजायला."

ती हसली नाही, रागावलीही नाही. "अच्छा," म्हणाली. तेवढ्यात लेकरू उठलं आणि रडायला लागलं, आणि ती त्याला खांद्यावर घेऊन आत गेली. आतून तिचा आवाज येत होता, ती त्याला काहीतरी सांगत होती. थोड्या वेळाने ती बाटली शोधायला बाहेर आली. बायकोने विचारलं, "जूनमध्ये येशील? मी रोज बसेन तुझ्याबरोबर." ती म्हणाली, "मावशी पाळीला जाते, मला इथेच थांबावं लागेल, मिस." मग खाली बघून म्हणाली, "नाही येणार." पुस्तक तिने उचललं आणि लेकराच्या हाताला लागू नये म्हणून वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

शाळेच्या फाइलीत तिच्या कागदावर मी तांबड्या शाईने लिहिलं आहे: 'वरील आकडा चुकीचा. मुलीला वाचता येत नव्हतं. मोजणाऱ्याची चूक.' खाली सही. आता दर शुक्रवारी नवा उतारा असतो आणि वाचून झाल्यावर बायको गोष्टीबद्दल विचारते. मी बाकाच्या दुसऱ्या बाजूला बसतो आणि डोळे बघतो. एकाचं वाचन दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून बाकीचे बाहेर थांबतात आणि मी दार लावून घेतो. आकडे पूर्वीपेक्षा कमी येतात.

जूनमध्ये नववीच्या हजेरीत तिचं नाव नव्हतं.

बायकोने मे महिन्यातच उताऱ्याचं दुसरं पान लिहिलं. किती शब्दांचं, ते मी मोजलेलं नाही. त्यात कावळ्याला काम आहे. ते तिने मोठ्या अक्षरात लिहून टपालाने गुम्मिडिपूंडीला पाठवलं. मावशी सातवीपर्यंत शिकली आहे असं कळलं होतं, पण ती पाळीवरून थकून येते. ते पान तिला कोणी वाचून दाखवलं की नाही, हे आम्हाला माहीत नाही.